वाचकांचे प्रश्न : उद्यानांचा आराखडा आणि आपले म्हणणे

ठाणे आणि नवी मुंबई येथील वाचकांच्या पत्रांत उद्यानांचा विषय अलीकडे वारंवार येत आहे, मात्र पत्रांचा रोख बदललेला दिसतो. पूर्वी तक्रार असे ती मोडलेल्या झोपाळ्याची किंवा बंद पडलेल्या दिव्यांची. आता वाचक असे विचारतात की, उद्याने व मोकळ्या जागांचा आराखडा तयार होत असताना रहिवाशांचे म्हणणे कसे गोळा करावे, ते कोणाकडे द्यावे आणि दिल्यानंतर त्याचे पुढे काय होते. त्यांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : घोडबंदर रस्त्यालगतच्या आमच्या काही गृहनिर्माण संस्थांनी एकत्र येऊन प्रभागातील उद्यानांविषयी रहिवाशांची मते मागवली. प्रश्नावली ऑनलाइन होती आणि ती व्हॉट्सॲपवरून पाठवली. प्रतिसाद उत्तम मिळाला. बहुतेकांनी जॉगिंग ट्रॅक, ओपन जिम आणि रंगीत कारंजे मागितले आहे. आता अहवाल महापालिकेला द्यायचा आहे. परंतु आमच्यातीलच एका सदस्यांनी शंका काढली की, मागच्या पाड्यातून आणि चाळींतून एकही उत्तर आलेले नाही. सर्वेक्षण पुन्हा करावे काय, आणि करायचे तर कसे?
— संस्थेच्या सचिव, मानपाडा, ठाणे

उत्तर : शंका रास्त आहे, आणि प्रश्नावलीची लिंक चाळीपर्यंत पोहोचली नाही, एवढ्यापुरती ती मर्यादित नाही. राज्यात डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेवरील अभिन्यासात, म्हणजे जागेच्या मांडणीच्या नकाशात, किमान १० टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवावी लागते. आपल्या प्रश्नावलीला उत्तरे देणाऱ्या कुटुंबांपैकी अनेकांच्या इमारतीखाली त्यामुळे लहानशी बाग, घसरगुंडी आणि चालण्याची वाट आधीपासूनच असणार. या कुटुंबांना सार्वजनिक उद्यान हवे असते ते अधिकची सोय म्हणून. पाड्यातल्या मुलाला मात्र खेळायला दुसरी जागाच नसते. म्हणजे ज्यांचे सार्वजनिक उद्यानावाचून सर्वांत कमी अडते त्यांचीच मते आपल्याकडे जमा झाली आहेत, आणि हे स्पष्ट न लिहिता अहवाल दिला तर ती संपूर्ण प्रभागाची मागणी म्हणून वाचली जाईल.

आलेली उत्तरे टाकून देऊ नयेत. ‘गृहनिर्माण संस्थांतील रहिवाशांची मते’ असे स्पष्ट शीर्षक देऊन ती अहवालाचा एक भाग म्हणून ठेवावीत आणि उरलेले काम प्रत्यक्ष जागेवर जाऊन करावे.

प्रथम प्रश्न बदलावा. ‘आपल्याला उद्यानात काय हवे?’ असे विचारले की माणूस दुसरीकडे पाहिलेली वस्तू सांगतो. रंगीत कारंज्याची मागणी अशीच येते. त्याऐवजी असे विचारावे : गेल्या आठवड्यात आपण किंवा आपल्या घरातील कोणी मोकळ्या जागेत गेले होते काय, कोठे, कोणत्या वेळी, किती वेळ थांबले, आणि गेले नसल्यास कशामुळे. या शेवटच्या प्रश्नाची उत्तरे काळजीपूर्वक ऐकावीत. उद्यान नकाशावर अर्ध्या किलोमीटरच्या आत असते, पण मध्ये घोडबंदर रस्ता ओलांडावा लागतो म्हणून आई मुलाला एकटे पाठवत नाही. स्वच्छतागृह नसते किंवा त्याला कुलूप असते, म्हणून मधुमेह असलेले आजोबा दहा मिनिटांत परत फिरतात. दिवा असतो पण तो झाडाच्या फांदीआड जातो, म्हणून संध्याकाळी साडेसातनंतर मुली दिसेनाशा होतात. यांपैकी एकही गोष्ट ‘काय हवे’ या प्रश्नाला दिलेल्या पर्यायांत सहसा छापलेली नसते.

वेळही बदलावी लागेल. रविवारी सकाळी दहाची सभा नोकरदारांच्या सोयीची असते. घरकाम करणाऱ्या बायकांना त्या वेळी चार घरची कामे उरकायची असतात. दुपारी एक ते तीनच्या सुमारास दोन घरांच्या कामांमधल्या मोकळ्या वेळात त्या इमारतीच्या जिन्याखाली किंवा रस्त्याच्या कडेला बसलेल्या आढळतात, कारण पुष्कळ उद्यानांची फाटके त्या वेळी बंद असतात. त्यांना तेथेच विचारावे. शक्य असल्यास स्त्रियांशी स्त्रियांनीच बोलावे. रिक्षाथांब्यावरील चालक, नाक्यावर कामाची वाट पाहणारे मजूर, शाळा सुटल्यावर रेंगाळणारी मुले यांच्यासाठी फाटकाबाहेर एक टेबल, प्रभागाचा मोठा छापील नकाशा आणि रंगीत टिकल्या एवढे साहित्य पुरते. नकाशावर बोट ठेवून माणूस जे सांगतो ते कागदी प्रश्नावलीत उमटत नाही, आणि ज्यांना लिहिण्याचा संकोच वाटतो त्यांनाही त्यात भाग घेता येतो. मराठीबरोबर हिंदीत बोलू शकणारा एक स्वयंसेवक असावा. मुंब्रा, राबोडी अशा भागांत पत्रक उर्दूतही काढावे. टेबलाशेजारी कोणत्याही पक्षाचा किंवा इच्छुक उमेदवाराचा फलक मात्र नको, कारण तो पाहिला की लोक मत सांगण्याऐवजी अर्ज देऊ लागतात.

मुलांची मते घेण्यासाठी चित्रकला स्पर्धा भरवण्याची पद्धत आहे. तीत प्रत्येक कागदावर तोच झोपाळा, तोच सूर्य आणि डोंगरामागून येणारी तीच नदी उतरते. आठ-दहा मुलांना बरोबर घेऊन उद्यानातून एक फेरी मारावी आणि ‘तुम्ही कोठे खेळता, कोठून हाकलले जाता’ एवढेच विचारावे. माळी आणि पहारेकरी यांना कोणी विचारत नाही, ही आणखी एक उणीव. कोणता नळ फुटतो, कोणत्या कोपऱ्यात रात्री बाटल्या सापडतात, कोणते रोप तीनदा लावूनही जगत नाही, याची माहिती त्यांच्याइतकी कोणाकडे नसते.

बोलण्याबरोबर मोजणीही करावी. कामाच्या एका दिवशी आणि एका रविवारी, सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत, दर तासाला उद्यानात किती पुरुष, किती स्त्रिया, किती मुले व किती वृद्ध आहेत आणि ते काय करीत आहेत, याचा साधा तक्ता भरावा. कोण येत नाही, हे या तक्त्यातूनच कळते. आणि शक्य असेल तर हे सारे पावसाळ्यातही एकदा करावे. जानेवारीत घेतलेल्या सर्वेक्षणात पाणी साचणारी जागा, शेवाळलेल्या फरशा आणि छप्पर नसलेली बाके यांचा उल्लेखच येत नाही. आपल्याकडे तर वर्षातले चार महिने पावसाचे असतात.

किती लोकांना विचारावे, असे आपण पत्रात पुढे विचारले आहे. आकड्याचा आग्रह धरू नये. पाडा, चाळ, संस्था, बाजार अशा प्रत्येक ठिकाणी विचारत राहावे, आणि नव्या माणसाकडून नवे कारण येईनासे झाले की त्या ठिकाणचे काम पुरे झाले असे समजावे.

प्रश्न : उद्यानांबाबत सूचना मागवल्या जातात आणि शहराच्या विकास आराखड्यावरही हरकती व सूचना मागवल्या जातात. या दोहोंत फरक काय? आम्ही काही रहिवासी एका प्रदर्शनात जाऊन अभिप्रायाच्या वहीत आमचे म्हणणे लिहून आलो आहोत. तेवढे पुरेसे आहे काय?
— एक निवृत्त शिक्षक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : पुरेसे नाही, आणि फरक मोठा आहे.

उद्याने कशी सजवावीत, कोणती कामे आधी घ्यावीत, देखभाल कशी व्हावी, यासाठी प्रशासन जो आराखडा करते तो त्याच्या सोयीचा व धोरणाचा भाग असतो. त्यावर दिलेल्या सूचनांचा विचार व्हावा अशी अपेक्षा असते. सुनावणीची सक्ती नसते. विकास आराखडा ही कायद्याने बांधलेली गोष्ट आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम २६ नुसार प्रारूप आराखडा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. ही मुदत पूर्वी ६० दिवसांची होती, दुरुस्तीनंतर ती ३० दिवसांची झाली. तरी जाहिरातीत छापलेली मुदत हीच आपल्यासाठी प्रमाण मानावी. कलम २८ नुसार नियोजन समिती हरकतदारांचे म्हणणे ऐकते आणि अहवाल देते. या समितीत स्थायी समितीच्या सदस्यांबरोबर नगररचना व पर्यावरण या विषयांतील बाहेरचे जाणकारही असतात. शेवटची मंजुरी कलम ३१ नुसार राज्य शासनाची असते. कोणता भूखंड उद्यानासाठी, कोणता खेळाच्या मैदानासाठी आणि कोणता अन्य कारणासाठी, हे या प्रक्रियेत ठरते. जागाच हातची गेल्यावर तेथे बाके कोणत्या रंगाची असावीत, यावर मत देऊन उपयोग नसतो.

म्हणून हरकत लेखी द्यावी आणि तीत भूखंड क्रमांक, सेक्टर, नकाशाचा पत्रक क्रमांक, सध्याचे आरक्षण, प्रस्तावित बदल, आपली मागणी आणि तिचे कारण हे सर्व असावे. ‘आमच्या भागात उद्याने वाढवावीत’ अशा वाक्यावर कोणतीही समिती निर्णय देऊ शकत नाही. ‘अमुक सेक्टरमधील अमुक भूखंडावरील मैदानाचे आरक्षण कायम ठेवावे, कारण एक किलोमीटरच्या परिसरात दुसरे मैदान नाही’ या वाक्यावर तिला निर्णय द्यावाच लागतो. प्रत्यक्ष सुनावणी हवी असल्याचे पत्रातच लिहावे आणि पोच म्हणून आवक क्रमांक व शिक्का घ्यावा. एकाच मजकुराची शेकडो पत्रे देण्याची चाल आपल्याकडे आहे. त्यातून भावना तीव्र आहेत एवढे कळते. मुद्दा मात्र एकच धरून निकाली काढला जातो. त्यापेक्षा वेगवेगळ्या कारणांची दहा पत्रे अधिक उपयोगी ठरतात. नकाशा घेऊन प्रत्यक्ष फिरून येणे तर अत्यावश्यक आहे. मुंबईच्या विकास आराखड्याचे प्रारूप फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा त्यातील असंख्य चुका नागरिकांनीच दाखवून दिल्या, आणि दोनच महिन्यांत शासनाला ते नव्याने तयार करण्याचा आदेश द्यावा लागला.

नवी मुंबईत एक गोष्ट अधिक आहे. हे शहर १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने वसवले आणि महापालिका त्यानंतर, १९९२ च्या प्रारंभापासून कारभार पाहू लागली. मोकळे भूखंड टप्प्याटप्प्याने हस्तांतरित होत गेले. त्यामुळे एखादा भूखंड रिकामा दिसतो म्हणून तो उद्यानासाठीच आहे असे गृहीत धरू नये. तो आज कोणाच्या ताब्यात आहे आणि त्यावर कोणते आरक्षण आहे, ही माहिती हरकत लिहिण्यापूर्वीच मिळवावी.

आराखडा मंजूर झाल्यावरही लक्ष ठेवावे लागते. आरक्षणात किरकोळ फेरबदल करायचा असल्यास कलम ३७ नुसार पुन्हा सूचना प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. या सूचना वर्तमानपत्रात बारीक टाइपात येतात आणि नजरेतून सुटतात. तसेच कलम १२७ नुसार आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जागा संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण संपुष्टात येते. उद्यानांच्या जागा मोर्चा काढून कोणी हिसकावून नेत नाही. त्या बहुधा अशा मुदती उलटून गेल्याने जातात. आरक्षण शाबूत असेल तर न्यायालयाची भूमिका खंबीर राहिलेली आहे. बंगळूरुमध्ये सार्वजनिक उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयासाठी देण्यात आली होती. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप बेकायदा ठरवले आणि परिसरातील रहिवाशांना त्याविरुद्ध दाद मागण्याचा हक्क असल्याचे मान्य केले.

प्रश्न : आमच्या सेक्टरमधील सर्वेक्षणात बहुसंख्य रहिवाशांनी मैदानावर मुलांना क्रिकेट खेळण्यास बंदी घालून तेथे हिरवळ व बैठका कराव्यात असे मत दिले आहे. बहुमत स्पष्ट असताना काहीजण विरोध करीत आहेत. सर्वेक्षणाचा मान राखला जाऊ नये काय?
— एक ज्येष्ठ नागरिक, नेरुळ

उत्तर : सूचना मागवणे म्हणजे मतदान नव्हे. मतदानात कोण मत देऊ शकतो हे आधी ठरलेले असते. सर्वेक्षणात ज्याच्यापर्यंत कागद पोहोचला तो बोलतो. आपल्या सर्वेक्षणात त्या क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना कोणी विचारले होते काय, हे पत्रावरून कळत नाही. शिवाय आराखड्यात ‘उद्यान’ आणि ‘खेळाचे मैदान’ ही वेगवेगळी आरक्षणे आहेत. जागा मैदानासाठी असेल तर तेथे हिरवळ करून खेळ बंद करणे हा त्या आरक्षणाचा हेतूच मोडणे होय, आणि त्यासाठी रहिवाशांचे बहुमत पुरेसे नाही.

ज्येष्ठांची अडचण मात्र खरी आहे. चेंडू लागण्याची भीती, आरडाओरडा, बसायला सावली नसणे या तिन्हींवर वेगवेगळे उपाय आहेत : कडेला जाळी, ठरावीक वेळा, आणि मैदानाच्या पश्चिम कडेला झाडांची रांग, म्हणजे दुपारनंतर आतल्या बाजूच्या बाकांवर तिची सावली पडेल. सर्वेक्षणातून अशा अडचणी वेगळ्या काढून लिहाव्यात. ‘इतके टक्के लोकांना बंदी हवी’ असे लिहिले की त्या झाकल्या जातात. उलट, काही सूचना एकाच माणसाने केलेली असली तरी मान्य करावी लागते. दुचाकी आत येऊ नये म्हणून फाटकाशी वाकडेतिकडे लोखंडी दांडे बसवतात; त्यातून चाकाची खुर्ची जात नाही. हे एकाच व्यक्तीने सांगितले असले तरी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार ती वाट मोकळी करणे भागच आहे.

प्रश्न : मी गावठाणात राहतो. उद्यानांविषयीच्या सभा सेक्टरमधील समाजमंदिरात होतात आणि चर्चा सेक्टरच्या उद्यानांचीच होते. आमच्या गावात उद्यान नावाची गोष्ट नाही, पण तळ्याकाठची जागा आहे, देवळासमोरचे पटांगण आहे, जाळी सुकवण्याची मोकळी जागा आहे. आम्ही सूचना काय करायची?
— एक ग्रामस्थ, बेलापूर परिसर

उत्तर : या महिन्यातील सर्व पत्रांत हे पत्र मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. नवी मुंबई ९५ गावांच्या जमिनीवर उभी आहे. नोडच्या, म्हणजे सिडकोने आखलेल्या उपनगरांच्या, नियोजनात सेक्टरला उद्यान, मैदान, बाजार, शाळा यांचे भूखंड आखून मिळाले. गावठाणांतील मोकळ्या जागा मात्र वहिवाटीने चालत आल्या आणि नकाशावर त्यांना बहुधा नाव मिळाले नाही. ज्या जागेला नाव नाही ती ‘रिकामी’ ठरते, आणि रिकामी ठरलेल्या जागेवर उद्या वाहनतळ किंवा जलकुंभ येऊ शकतो. त्यामुळे आपली पहिली सूचना नव्या उद्यानाची नसावी. गावात सध्या वापरात असलेल्या मोकळ्या जागांची नोंद व्हावी, ही ती असावी.

त्यासाठी गावानेच एक टाचण तयार करावे. होळी कोठे लागते, जत्रेत पालखी कोठे टेकते, जाळी कोठे सुकतात, लग्नाचा मांडव कोठे पडतो, मुले कोठे खेळतात, म्हातारी माणसे संध्याकाळी कोणत्या पारावर बसतात, गणपती कोणत्या तळ्यात विसर्जित होतात, हे जागेनिशी, महिन्यानिशी आणि अंदाजे मापांनिशी लिहावे. जुन्या नकाशात किंवा सातबाऱ्यावर उल्लेख असल्यास प्रत जोडावी, प्रत्येक जागेचे छायाचित्र जोडावे. हे काम गावातील वयस्क स्त्रियांना बरोबर घेतल्याशिवाय पुरे होणार नाही, कारण पाणवठ्याच्या आणि वाळवणाच्या जागा त्यांनाच ठाऊक असतात. सुधारणेच्या सूचना त्यानंतर कराव्यात, आणि त्या बेताच्या असाव्यात. पाराभोवती पेवर ब्लॉक बसवून झाडाची मुळे गुदमरवणे आणि तळ्याला सर्व बाजूंनी काँक्रीटची भिंत घालून त्याला सुशोभीकरण म्हणणे, हे आपण इतरत्र पुरेसे पाहिले आहे.

सभा गावात व्हावी अशी लेखी मागणीही करावी. ती भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून ठेवावी, नाहीतर मासेमारीला जाणारी मंडळी तिला मुकतील.

प्रश्न : ठाण्यात दरडोई मोकळी जागा किती, याविषयी वेगवेगळे आकडे ऐकू येतात. सूचना देताना कोणता आकडा धरावा?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, लोकमान्यनगर, ठाणे

उत्तर : केंद्र शासनाच्या २०१४ च्या नगरनियोजनविषयक मार्गदर्शक सूचनांत दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असे म्हटले आहे. शहराचा आकडा या मापाशी ताडण्यापूर्वी त्यात काय काय धरले आहे ते विचारावे. ठाणे महापालिकेच्या हद्दीत येऊरचे जंगल येते, जे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. खाडीकाठी कांदळवने आहेत. तलाव तर कितीतरी आहेत. नवी मुंबईत खाडीलगत भरतीचे व पावसाचे पाणी सांभाळणारे धारण तलाव आहेत. हे सर्व शहरासाठी अमूल्य आहे, पण लोकमान्यनगरातील मूल संध्याकाळी पाच वाजता कांदळवनात खेळायला जात नाही. असे सर्व क्षेत्र बेरजेत धरले की दरडोई आकडा फुगतो आणि दाट वस्तीची टंचाई दिसेनाशी होते.

म्हणून शहराची सरासरी बाजूला ठेवून आपल्या प्रभागाचा हिशेब मांडावा : घरापासून दहा मिनिटे चालून, मोठा रस्ता न ओलांडता, शुल्क न देता पोहोचता येईल अशी जागा किती, आणि ती दिवसाचे किती तास उघडी असते. त्याच मार्गदर्शक सूचनांत सुमारे ५,००० लोकवस्तीमागे अर्ध्या हेक्टरचे एक उद्यान सुचवले आहे. वस्तीची तुलना या मापाशी करणे अधिक योग्य. कोलशेतच्या सेंट्रल पार्कसारखे मोठे उद्यान शहराचे आकर्षण ठरते याबद्दल दुमत नाही. परंतु तेथे जायला रिक्षाचे भाडे आणि प्रवेशशुल्क लागते, तेव्हा ते रोजच्या खेळाची जागा घेऊ शकत नाही. नवी जागा मिळणारच नाही असे मात्र समजू नये. कोपरखैरण्याचे निसर्ग उद्यान पूर्वीच्या कचराभूमीवर उभे आहे.

प्रश्न : उद्यानाच्या नूतनीकरणात जुनी झाडे तोडली जाणार असल्याचे कळते. सूचनांची मुदत संपली असल्यास काय करावे?
— एक वाचक, वाशी

उत्तर : नूतनीकरणाच्या सूचनांची मुदत आणि वृक्षतोडीच्या हरकतींची मुदत या वेगळ्या आहेत. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार झाडे तोडण्यास परवानगी देण्यापूर्वी जाहीर सूचना द्यावी लागते आणि त्यावर हरकत घेता येते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून विशेष संरक्षण मिळाले आहे. महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे लेखी हरकत द्या, आणि तीत प्रत्येक झाडाची जात, घेर व जागा लिहा. रेखांकनात वाट थोडी वळवून झाड वाचत असेल तर ती वळवलेली वाट स्वतःच काढून जोडा. अधिकाऱ्यासमोर तयार पर्याय असला की परवानगी देणे अवघड जाते.

प्रश्न : दोन वेळा सविस्तर सूचना दिल्या. उत्तर आले नाही. लोक आता म्हणतात की पुन्हा वेळ कशाला घालवायचा. त्यांना काय सांगावे?
— रहिवासी मंडळाच्या एक कार्यकर्त्या, कळवा

उत्तर : त्यांचा कंटाळा समजण्यासारखा आहे. प्रत्येक सूचना मान्य झाली नाही म्हणून लोक रागावत नाहीत. ‘नाही’ असे कोणी कारणासह सांगतही नाही, म्हणून ते पुढच्या सभेला येत नाहीत. सूचना मागवणाऱ्या कार्यालयाने एक तक्ता प्रसिद्ध करावा, इतकीच अपेक्षा आहे : सूचना कोणती, तिच्यावर निर्णय काय, कारण काय, आणि मान्य असल्यास काम कोणत्या वर्षात. अशा तक्त्यात ‘धारण तलावाच्या पात्रात खेळणी बसवता येणार नाहीत, कारण पावसाळ्यात तेथे पाणी भरते’ असे एक वाक्य असले तरी लोकांना ते पटते.

असा तक्ता आपोआप मिळाला नाही तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आहेच. त्याच्या कलम ४ नुसार लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणे आखताना संबंधित तथ्ये प्रसिद्ध करणे आणि बाधित व्यक्तींना निर्णयांची कारणे देणे हे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. अर्ज करताना ‘आमच्या सूचनांचे काय झाले?’ असे विचारू नये. आवक क्रमांक व दिनांक देऊन त्या पत्रावरील टिप्पणी, नस्तीतील (फाइलमधील) शेरे आणि सूचनांचे एकत्रित विवरण यांच्या प्रती मागाव्यात. अस्तित्वात असलेला कागद मागितला की ३० दिवसांत तो तरी द्यावा लागतो, किंवा तो नाही असे लेखी सांगावे लागते. दोन्ही उत्तरे उपयोगाची असतात.

दुसरे असे की, आपल्या सूचनांतील जी कामे लहान आहेत, म्हणजे दिवा, नळ, स्वच्छतागृहाचे कुलूप, फाटकाची वेळ, ती आराखड्याच्या प्रवाहातून बाहेर काढून प्रभाग समितीच्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे द्यावीत. त्यांना आराखड्याची गरजच नाही. ज्यांना निधी लागतो ती नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत उद्यान विभागाकडे आणि नगरसेवकांकडे पोहोचवावीत, कारण आयुक्तांचा अर्थसंकल्प साधारणतः फेब्रुवारीच्या सुमारास मांडला जातो आणि त्यानंतर आलेली मागणी पुढच्या वर्षावर जाते. मंडळाच्या फलकावर तोच चार रकान्यांचा तक्ता आपणही लावावा आणि ज्यांनी सूचना दिल्या त्यांना दर तीन महिन्यांनी त्याची स्थिती कळवावी. आपल्याकडे मत देणाऱ्या पाड्यातल्या बाईंनाही उत्तर मिळण्याचा हक्क आहे, आणि ते देण्यासाठी महापालिकेच्या पत्राची वाट पाहण्याची आवश्यकता नाही.